पुस्तकातल्या आईची करंगळी

शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जी गर्दी व्हायची, त्यात चित्रकार हा एकटाच बाप. बाकी सगळ्या आया, मावश्या, आज्या. त्यांचं एक रिंगण असायचं आणि चित्रकार त्या रिंगणाच्या जरा बाहेर, भिंतीला पाठ लावून, चपलेच्या टोकाने उगीच एखादा खडा उकरत उभा. रोज कुणी ना कुणी विचारायचीच, "आज बाबा का? आईला बरं नाही का?" सुरुवातीला त्याने नीट सांगून पाहिलं, की हिची आई बस चालवते, पहाटेची पहिली गाडी तिची, म्हणून शाळेचं सगळं माझ्याकडे. त्यावर "हो का, अगं बाई" म्हणून त्या त्याच्याकडे अशा काही मायेने बघायच्या, जणू घरात कुणी दगावलंय. मग त्याने सांगणंच सोडलं. "हो, जरा बरं नाही," एवढं म्हणून मोकळा व्हायचा. अशा रीतीने त्याची ठणठणीत बायको, भल्या मोठ्या बसचं चाक लीलया फिरवणारी, त्या फाटकाशी मात्र वर्षभर आजारीच होती.

लेक पहिलीत. पटावर नाव काही का असेना, घरात तिला मुंगी म्हणायचे. रांगायला लागली तेव्हा सरळ रेषेत रांगायची. वाटेत कुणाचा पाय आला, उशी आली, तरी बाजूने जायची नाही, वरून जायची. अंगाने वाढली, पण चाल तीच.

घर आणि शाळा यांच्या मध्ये एक मोठा रस्ता. तो ओलांडताना मुंगी बापाचा हात धरायची नाही, डाव्या हाताची करंगळी धरायची. लहानपणी भिंतीवरून पडून ती करंगळी मोडली होती आणि जुळताना वाकडी जुळली होती. रांगेतून एखादं रुसलेलं पोर बाहेर उभं राहावं, तशी ती बाकीच्या बोटांपासून फटकून असायची. धरायला अगदी सोयीची. मुंगीच्या लेखी ती बापाला तेवढ्यासाठीच दिलेली होती.

त्या दिवशी मुंगी एकटी बाहेर आली नाही. वर्गाच्या बाई तिला हाताला धरून घेऊन आल्या. तरुण होत्या. बाहीला खडूची पांढरी रेघ आणि दिवसभर चाळीस पोरांवर ओरडून घोगरा झालेला आवाज.

"तुम्ही हिचे बाबा ना? जरा बोलायचं होतं."

रिंगणातल्या बायकांचं बोलणं एकदम हळू झालं. कान इकडे.

"मुलगी हुशार आहे हो तुमची," बाई म्हणाल्या. "गोड आहे. पण जरा रचून सांगते."

"म्हणजे काय झालं?"

"आज रेघा ओढायला दिल्या होत्या. एका बाजूला आई आणि बाबा, दुसऱ्या बाजूला पातेलं, झाडू, गाडी, हातोडी. कुणाचं काम कुठलं, तिथे रेघ ओढायची. हिने पातेल्यापासून रेघ ओढली ती थेट बाबांकडे. आणि गाडीची आईकडे. मी म्हटलं, घाईत चुकली असेल. म्हणून पुस्तक उघडून दाखवलं. सव्विसावं पान. आई पीठ मळतेय, असं छान चित्र आहे बघा. तर ही म्हणते, ते हात आईचे नाहीत, माझ्या बाबांचे आहेत." बाई हसल्या, पण हसू लगेच दमलं. "मी समजावलं, बाळा, नीट बघ. तर ऐकेचना. सगळा वर्ग हसायला लागला. शेवटी मला म्हणावं लागलं, खोटं बोलू नये. तुम्ही पण घरी सांगा जरा."

चित्रकाराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सव्विसावं पान. त्याला ते न उघडताही दिसत होतं, कारण त्या पुस्तकातली सगळी चित्रं त्यानेच काढली होती. शाळेत हे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. चित्रकाराचं नाव कोण वाचतं? ते मलपृष्ठाच्या आत, छापखान्याच्या पत्त्याखाली बारीक टायपात असतं.

एक वाक्य बोलायचं होतं. बाई, ती खरं सांगतेय. एवढंच. पण रिंगणातले सगळे डोळे त्याच्यावर होते. वर्षभर आजारी असलेल्या बायकोचा नवरा, पातेल्याचा बाप, आणि आता वर, पुस्तकातल्या आईचे हात माझे आहेत, असं सांगायचं. त्याने ते वाक्य गिळलं.

"हो, सांगतो," तो म्हणाला. "लहान आहे. काहीही बोलते."

मुंगीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. अनोळखी दारावरची पाटी वाचावी, तसा बापाचा चेहरा अक्षर लावून लावून वाचला आणि मग खाली बघितलं.

मोठा रस्ता आला. चित्रकाराने सवयीने डावा हात मागे केला. करंगळी तशीच रिकामी राहिली. मुंगीने दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. गाड्या भरधाव यायला लागल्या तेव्हा तिने त्याच्या शर्टाचं टोक पकडलं. रस्ता ओलांडला आणि टोक सोडून दिलं.

आता त्या चित्राचं असं होतं. पाठ्यपुस्तकाच्या कार्यालयातून प्रत्येक पानासाठी एक कागद यायचा. सव्विसाव्या पानासाठी आला होता: आई पीठ मळत आहे. अंबाडा. अंगावर ॲप्रन. चेहरा प्रेमळ. चित्रकाराचा एक नेम होता. हात कधी आठवणीने काढायचे नाहीत, समोर ठेवूनच काढायचे. आठवणीतला हात हातमोज्यासारखा होतो, असं तो म्हणायचा. तेव्हा मुंगी पाळण्यात होती, बायको दोन-दोन पाळ्या करत होती, आणि घरात पीठ मळणारे हात एकाच माणसाचे होते. मग त्याने पिठाच्या डब्याला टेकून आरसा उभा केला, डावा हात परातीत घातला आणि उजव्या हाताने काढायला बसला. डावा हात झकास उतरला. उजवा कसा काढणार, तो पेन्सिल धरण्यात गुंतलेला. मग त्याने पातळ कागदावर डाव्या हाताची नक्कल केली, कागद उलटा केला आणि तोच हात उजवा म्हणून चिकटवून दिला. त्यामुळे त्या पुस्तकातल्या आईच्या दोन्ही करंगळ्या वाकड्या आहेत. आजतागायत.

समितीपुढे चित्र गेलं तेव्हा एक सभासद म्हणाले होते, "वा. करंगळ्या कशा अलगद उचलल्यात बघा. बाईच्या हाताचा नाजूकपणा बरोब्बर पकडलाय." चित्रकार गालातल्या गालात हसला होता. घरी येऊन बायकोला सांगू म्हणाला, आणि ती आली तेव्हा पाळण्यातली रडत होती, राहून गेलं. ते राहिलं ते राहिलंच.

दुपार कलल्यावर बायको आली. पायातले बूट काढून, मोजे झटकून, ती नेहमीप्रमाणे जमिनीवर पाय पसरून बसली. मुंगी तिच्या मांडीला टेकून बसली आणि तिच्या गणवेशाच्या गुंड्या मोजत म्हणाली, "आई, तू बस सोडून देशील?"

"कुणाच्या भरवशावर सोडू? आपोआप चालत नाही ती."

"दुसऱ्याला दे. तू घरी राहा. आणि वेणी तूच घाल."

बायकोने मुंगीच्या डोक्यावरून नवऱ्याकडे बघितलं. तो ओट्याशी उभा राहून, आधीच घासलेलं पातेलं पुन्हा घासत होता. तिने मुंगीला शेजारच्या घरी खेळायला पाठवलं, दार लोटलं आणि म्हणाली, "बोल. काय केलंस?"

त्याने सगळं सांगितलं. हात, आरसा, उलटा केलेला कागद, आणि फाटकाशी गिळलेलं वाक्यही. तिने मुंगीच्या दप्तरातून पुस्तक काढलं, सव्विसावं पान उघडलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

"खरंच की रे. तुझेच हात आहेत." मग भुवई वर करून, "आणि ही बाई कोण? माझ्या माघारी सवत आणून बसवलीस ती थेट पहिलीच्या पुस्तकात?"

"थट्टा नको करूस गं."

"थट्टा नाही करत. पोरीने जे बघितलं ते इतक्या वर्षांत समितीला दिसलं नाही, मास्तरांना दिसलं नाही, मला सुद्धा नाही. मी रोज तुझ्या हातचं खाते. आणि जिने ओळखलं तिला तू सगळ्यांदेखत खोटी पाडलीस."

"सगळ्या बघत होत्या," तो पुटपुटला.

"माझ्याकडे रोज सगळे बघतात. चौकात गाडी वळवताना बाजूचे रिक्षावाले मान बाहेर काढून बघतात, बाई आहे, बाई आहे म्हणून. मी काय चाक सोडून देते?" मग तिचा आवाज खाली आला. "हे बघ, माझं पण वळण चुकतं कधी. मागे बस भरून माणसं असतात, कुणी काही बोलतं, कुणी हसतं. गाडी थांबवायची, सगळ्यांसमोर मागे घ्यायची, नीट वळवायची. दुसरा काही उपाय नाही त्याला."

"बघू उद्या," तो म्हणाला.

"बघू म्हणजे नाही. तुझं बघू मला पाठ आहे."

दुसऱ्या दिवशी बायको पहाटेच गाडीवर गेली. चित्रकाराने मुंगीला उठवलं, न्हाऊ घातलं, आणि कंगवा घेऊन बसला. वेणी घालताना तो रोज एक ओवी म्हणायचा. ओवी त्याच्या आईची, त्यामुळे तिच्यात बाईच बोलायची. त्याने ती कधी बदलली नव्हती.

*एक बट उन्हाची,*
*एक बट सावलीची,*
*एक माझ्या साळूची,*
*गुंफिते मी.*

पहिली ओळ झाली आणि मुंगी पुढे सरकली. बटा त्याच्या हातातून सुटल्या.

"नको. माझी मी घालते."

"अगं, येत नाही तुला अजून."

"येते." तिने केसांचा एक बुचडा बांधला, एका कानावर. अर्धे केस बाहेर. आरशात बघितलंही नाही. मग अगदी साध्या सुरात, जेवायला काय आहे विचारावं तसं म्हणाली, "बाबा, ते तुझेच हात होते ना? का मला तसं वाटलं नुसतं?"

पहिला प्रश्न त्याला ऐकू आला, पण काळजात रुतला तो दुसरा. कालपर्यंत या पोरीला जे दिसायचं ते दिसायचं. आज ती स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत होती. एक दिवस पुरला होता.

"माझेच होते," तो म्हणाला. "चल. आज मी वर्गापर्यंत येतो."

घंटा होऊन गेली होती. पोरं हजेरी देत होती. दारात उंच माणूस बघून चाळीस तोंडं एकदम वळली. बाई बाहेर आल्या. चित्रकाराने आदल्या रात्रीपासून जुळवलेली वाक्यं ऐन वेळी पांगली. तो नुसता म्हणाला, "पुस्तक आहे का? सव्विसावं पान."

बाईंनी टेबलावरचं पुस्तक आणलं. त्याने पान उघडलं आणि चित्राशेजारी आपला डावा हात ठेवला, पिठात घातल्यासारखा. करंगळी बाहेर.

बाईंनी चित्र बघितलं. हात बघितला. पुन्हा चित्र. मग पुस्तकाची मागची बाजू उलटून बारीक टायपातलं नाव वाचलं.

"हे तुम्ही काढलंय?"

"हो. आणि हात माझे. ती खरं सांगत होती."

बाईंनी पुन्हा सव्विसावं पान उघडलं. मग हळूच म्हणाल्या, "मग काल का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"कशाची?"

त्याला ते सांगता येईना. ज्या हातांनी पोरगी वाढवली त्या हातांची लाज वाटली, हे वाक्य उजेडात उच्चारायला जड होतं. तो पुस्तकाकडे बघत राहिला.

"मी तरी काय," बाई म्हणाल्या. "पुस्तकात असतं ते शिकवते. माझे वडील आईची वेणी घालायचे, तिचा खांदा धरला होता तेव्हा. ते मला आत्ता आठवलं. काल हिच्या रेघेवर फुली मारताना नाही आठवलं."

"आणि मला कागदावर सांगितलं तसं मी काढलं."

दोघं पुस्तक मध्ये धरून उभी होती, बरणी फोडलेली दोन भावंडं उभी राहावीत तशी. कुणी कुणाकडे बोट दाखवायचं तेच कळेना.

"माझं चुकलं ते मी सांगते तिला," बाई म्हणाल्या. "तुमचं तुम्ही सांगा."

आत गेल्यावर बाई मुंगीच्या बाकापाशी उकिडव्या बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काल मी तुला खोटं बोलू नकोस म्हटलं. तू खोटं बोलली नव्हतीस. तुला बरोबर दिसलं होतं, मला नाही दिसलं." मग त्या उठल्या आणि चित्रकाराला जागा करून दिली.

तो त्या चिमुकल्या बाकाशी गुडघे मोडून बसला. गुडघा कटकन वाजला, पोरं खुदकन हसली. "मुंगे," तो म्हणाला, "काल फाटकाशी मी खोटं बोललो. तू नाही. मला हे तिथेच सांगायला हवं होतं."

तोवर पोरांना दम निघेना. बाकं सोडून सगळी भोवती जमली. पुस्तक आलं, हात ताब्यात घेतला गेला, करंगळी चहूबाजूंनी तपासली गेली.

"दुखतं का?"

"सरळ होते का? ओढून बघू?"

"दोन्ही वाकड्या आहेत चित्रात. तुमची एकच आहे," चष्मेवाली एक मुलगी म्हणाली. चित्रकाराने तिला उलट्या कागदाचं सांगितलं. तिने फसवणूक पकडल्यासारखी मान हलवली.

एक गुबगुबीत मुलगा कानाशी येऊन म्हणाला, "माझे बाबा पण मळतात पीठ. पण कुणाला सांगू नको म्हणतात." ते त्याने एवढ्या मोठ्याने म्हटलं की सगळ्या वर्गाला कळलं. त्यावर कुणाचा मामा कपडे धुतो, कुणाची आत्या दुकानाचं शटर एका हाताने ओढते, असं एकेक बाहेर पडू लागलं. बाईंनी गप्प बसवलं नाही.

मुंगी मात्र चित्रावर बोट ठेवून बसली होती. हातांवर नाही, तोंडावर.

"मग हिला हे तोंड का लावलंस?"

"अं?"

"हात तुझे आहेत. मग तोंड दुसऱ्याचं का?"

समितीने हा प्रश्न विचारला नव्हता. त्याने स्वतःलाही विचारला नव्हता.

"तसं काढायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "आणि मी का म्हणून विचारलं नाही."

मुंगीने विचार केला. "आता विचार," ती म्हणाली.

आता विचारायची सोय होती, हे तिला ठाऊक नव्हतं. घरी त्याच्या टेबलावर महिनाभर एक पाकीट पडून होतं. पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. संपादकांनी सांगितलं होतं, चित्रं तीच ठेवा, रंग तेवढे ताजे करून द्या. घरी पोचल्यावर चित्रकाराने चप्पलही न काढता फोन लावला.

"सव्विसावं पान बदलायचं म्हणतोय."

"अहो चित्रकार, ते पान तर सगळ्यांना आवडतं," संपादक म्हणाले. म्हातारे होते, फोनवर कागद चाळायचा आवाज येत असायचा. "ते हात किती सुंदर आहेत."

"हात तसेच ठेवतो. बाकीचं माणूस बदलतो."

कागद चाळायचा आवाज थांबला. "म्हणजे कोण येणार तिथे?"

"मी."

"तुम्ही?"

"बाबा. पीठ मळणारे बाबा. हात पहिल्यापासून त्यांचेच होते." आणि मग एकदा तोंड उघडलंच आहे तर म्हणून, "आणि बसचं चित्र आहे ना पुढे, तिथे चाकापाशी बाई बसवतो."

"मला समितीला विचारावं लागेल."

"विचारा. मी काढून पाठवतो, मग चित्र समोर ठेवून विचारा."

"ते नाही म्हणाले तर?"

"तर मला का म्हणून ते कळू द्या. मागच्या वेळी मी विचारलं नव्हतं."

संपादक हसले की खोकले, ते कळलं नाही. "पाठवा," ते म्हणाले. "लवकर पाठवा, छपाई तोंडावर आलीय." हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

मुंगी शाळेतून आली ती बुचडा तसाच एका कानावर घेऊन. त्याने तो सोडवायची गोष्ट काढली नाही. टेबलावर कोरा कागद ताणून बसवला होता, समोर आरसा. हजारो चेहरे काढलेला माणूस स्वतःच्या चेहऱ्यापुढे बसून घामाघूम झाला होता. पेन्सिल टेकवायची, खोडायचं.

मुंगी स्टूल ओढत आली आणि त्याच्या शेजारी चढून बसली. एकदा आरशात बघायची, एकदा कागदावर.

"नाक बारीक काढलंस."

"बारीकच आहे."

"नाही. मोठं आहे. आहे तसं काढ."

त्याने नाक खोडून आहे तसं काढलं. तिने सांगितल्यावर कानही बाहेर आले, कपाळही वर सरकलं. डोक्यावरचे केस दोघांनी मिळून ठरवले, त्यात थोडी घासाघीस झाली. चेहरा हळूहळू ओळखीचा होत गेला, आणि त्या चेहऱ्याखाली ते जुने हात आपल्या घरी आल्यासारखे निवांत बसले. एक वाकडी करंगळी, एक सरळ. या वेळी उजवा हात त्याने डाव्या हातात पेन्सिल धरून, अडखळत, पण खरा काढला.

रंग भरून झाले. त्याने ब्रश खाली ठेवला, कागद तिच्यासमोर उभा धरला आणि बघत राहिला, समितीपुढे कधी बसला नव्हता इतका अवघडून.

"बरोबर आहे का आता?"

मुंगीने घाई केली नाही. नाक कागदाला लागेल इतकी जवळ गेली. मग लांब झाली. डोकं एकीकडे कलवलं, मग दुसरीकडे.

"तू बरोबर आहेस," ती म्हणाली. "पीठ कोरडं आहे."

त्याने बघितलं. खरंच, परातीतल्या पिठावर उजेड नुसता पसरला होता, ओल कुठे दिसत नव्हती. त्याने वाद घातला नाही. ब्रश पाण्यात बुडवला आणि तिने बोट ठेवलं तिथून सुरुवात केली.